पोट्टी चित्र काढते, मग शिकते कधी?



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, व्याज झालं की गोष्ट लेकरांवर येते. आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते. "आमची पोट्टी दिवसभर कागदं रंगवत बसते, अभ्यास काहून करत नाही कोण जाणे." दुसरी म्हणते, "आमचा तं चिखलाचे बैलच करत राहते, वही पाहतही नाही." बाकीच्या मान हलवतात. चित्र, माती, गाणं, नाटक हा टाइमपास आणि वही-पुस्तक हा अभ्यास, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि तिच्यात नुकसान आपल्याच लेकरांचं होतं. कसं, ते आपल्याच अंगणात पाहू.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत १ पर्यंत. आपण तिला '७ ते १' म्हणतो. एकूण ठिपके किती होतात? मोजून पाहा, ४९ भरतात. साता साती एकोणपन्नास. '५ ते १' काढली तर २५, पाचा पाचा पंचवीस. असं का होतं? मान थोडी तिरपी करून पाहा, तो कोपऱ्यावर उभा केलेला चौकोनच आहे, दर बाजूला सात ठिपक्यांचा. मोठ्या वर्गात यालाच वर्गसंख्या म्हणतात. ज्या मुलीने हे आपल्या बोटांनी शोधलं, तिला तो धडा नवा वाटत नाही. मात्र त्यासाठी कोणीतरी तिला विचारावं लागतं, "बाई, किती ठिपके झाले गं? ९ ते १ काढली तर किती होतील?"

आता टोपली. आपल्यातल्या ज्या बायका बांबूचं काम करतात त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. एकच पट्टी गोल फिरवत एका कामटीच्या वरून, दुसरीच्या खालून विणत न्यायची असेल तर उभ्या कामट्या विषम हव्यात. सम असल्या तर दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पुन्हा त्याच कामटीच्या वरून जाते आणि वीण धरत नाही. मग काय करायचं? एक कामटी मधोमध चिरायची, म्हणजे एकाच्या दोन झाल्या आणि आकडा विषम झाला. शाळेत सम-विषम पाठ करून विसरणारं लेकरू एकदा टोपली विणायला बसलं आणि वीण सुटली की जन्मात विसरत नाही. ज्या बाईला आपण "शिकलेली नाही" म्हणतो, तिच्या हातात हे गणित आहे.

ही काही आजची नवी कल्पना नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम तिथून पुढे आली. हाताच्या कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकायची, सूत कातता कातता तार मोजायचे, हिशेब लिहायचा, अशी ती रीत. तिच्या आदल्याच वर्षी जळगावकडे फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरलं, तेव्हा शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावातल्याच साध्या सामानातून केली. आपल्या जंगलातला बांबू एवढ्या मोठ्या चित्रकाराला कमी वाटला नाही, एवढं लक्षात असू द्या. पुढे १९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि बरीच वर्षं मुलांबरोबर राहिले. मुलांच्या कलेवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. लेकराचं चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली नक्कल नव्हे, हा त्या शिकवणीचा गाभा.

हे नीट समजून घेऊ, कारण घरोघरी नेमकं इथंच चुकतं.

दोनेक वर्षांचं लेकरू कोळसा घेऊन भिंतीवर नुसते फराटे ओढतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल जमायला लागतो. मग एक दिवस त्या गोलालाच हात-पाय फुटतात, पोट नसतंच, आणि लेकरू सांगतं, "ही आई." पाच-सहा वर्षांचं पोरगं घर काढतं तेव्हा भिंत असूनही आतली चूल, आतली बकरी, सगळं दिसतं. आपण हसतो, म्हणतो असं कुठं असते का? पण त्याला जे माहीत आहे ते त्याने काढलं, डोळ्याला दिसतं तेवढंच नाही. जगभरची लेकरं थोड्याफार फरकाने याच पायऱ्या चढतात. धान एका रात्रीत निसवत नाही, तसंच हे आहे. ओढून लवकर येत नाही, मधेच तुडवलं तर मात्र जातं.

आणि तुडवणं फार सोपं आहे. फळ्यावर एक आंबा काढला, सगळ्यांनी तस्साच काढायचा, ज्याचा वेगळा झाला त्याच्या वहीवर लाल रेघ. एवढं दोन-चार वेळा झालं की लेकरू म्हणायला लागतं, "मला चित्र येत नाही." घरी आपणही कमी नाही. "पोपट निळा असते का रे?" असं म्हटलं की त्याच्या हातातला रंग थांबतो. त्यातून आता दुकानात तयार प्रकल्प मिळतात. छापील चित्रं कापून चिकटवली, वर चमकी लावली, झालं काम. पैसा आपला गेला आणि शिकणं झालं नाही, उलट आपल्या हातचं दुकानातल्यापेक्षा हलकं असतं हे मात्र लेकरू शिकलं. मला विचाराल तर फाटक्या वहीच्या पाठकोऱ्या पानावरचं वाकडंतिकडं चित्र त्या चमकीपेक्षा शंभर पट मोलाचं.

तान्ह्या पोळ्याचं तेच. लाकडी बैल जितका मोठा आणि महाग तितकं बक्षीस नक्की, असं अनेक गावांत चालतं. म्हणजे बक्षीस बापाच्या खिशाला! ज्या गावात बक्षिसं गट किंवा ग्रामसंघ देतो, तिथं नियम आपल्याच हातात आहे. एक बक्षीस स्वतः केलेल्या बैलासाठी ठेवा, मातीचा असो, बांबूचा असो की कणसाच्या बुरकुंड्याचा. आणि तो कसा केला हे लेकराने स्वतः चार वाक्यांत सांगायचं.

जिथं शाळेची भाषा वेगळी आहे

आपल्या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट नुसत्या हौसेची नाही. भामरागड, एटापल्लीकडे घरात माडिया बोलतात, धानोरा-कोरचीकडे गोंडी, कोरचीत छत्तीसगढीही, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याच्या कितीतरी घरांत बंगाली. सहा वर्षांचं लेकरू पहिलीत येतं आणि समोर सगळं मराठी. घरी दिवसभर बडबडणारं ते पोर वर्गात मुकं होतं. महिनाभर मुकं राहिलं की त्याला 'मंद' म्हणतात, आणि मग ते शाळेत यायचंच टाळतं. किती मुलींची शाळा अशी सुटली हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

अशा लेकराला चित्र काढायला भाषा लागत नाही. त्याला म्हणा, तुझं घर काढ. घर, माळा, मोहाचं झाड, कोंबड्या, सगळं येईल. मग एकेका गोष्टीवर बोट ठेवून त्याच्या भाषेतलं नाव विचारायचं. घराला ते गोंडीत 'लोन' म्हणेल, गावाला 'नार'. बाईंनी चित्राशेजारी दोन्ही शब्द लिहायचे, लोन आणि घर, नार आणि गाव. आता ते लेकरू बाईंना शिकवतंय आणि बाई लेकराला. जिथं बाईंना ती भाषा येत नाही तिथं आपल्या गटातली एखादी ताई आठवड्यातून एक तास वर्गात बसली तरी काम होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्येही शक्य तिथं मातृभाषेतून, करून पाहत, भीतीशिवाय शिकवावं असं लिहिलेलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःच गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. सगळ्या गावांना ते जमेल असं नाही, पण शाळेबद्दल गाव बोलू शकतं हे त्यातून दिसतं.

मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या घरांसाठी एक सांगते. लेकरू सोबत जात असेल तर शंभर पानी कोरी वही आणि दोन पेन्सिली बोचक्यात टाका. रोज एक चित्र, खाली एक ओळ: आज काय पाहिलं. परत आल्यावर ती वही बाईंना दाखवायची. दोन महिने बुडाले असं नाव लागणार नाही, आणि वर्गातल्या बाकीच्यांना कृष्णा-गोदावरीकडचं शेत कसं असतं ते या लेकराकडून कळेल.

घरी काय करायचं

खर्च काही नाही. गेरू, पांढरी माती, चुलीतला कोळसा, हळद, पालेभाजीचा रस हे रंग घरातच आहेत. शिमग्याच्या आधी पळस फुलतो, फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग मिळतो. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात भिजवून रंगात मिसळला की तो कागदाला धरून राहतो. ब्रश नसेल तर काडीचं टोक ठेचून घ्या. हळदीची एक गंमत लेकरांना जरूर दाखवा. हळदीचा डाग लागलेल्या पांढऱ्या फडक्यावर साबण चोळा, डाग लाल होतो. लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. आपण रोज धुणं धुताना हे पाहतो, पण वरच्या वर्गात आम्ल आणि आम्लारी शिकवतात ते हेच. चुना मात्र लेकरांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

चित्र दाखवायला आलं की "हे काय काढलं?" असं विचारू नका, त्याला वाटतं आपलं चुकलं. नुसतं "छान" म्हणूनही सोडू नका. म्हणा, "मला सांग, इथं काय चाललंय?" ते जे सांगेल ते चित्राखाली लिहून ठेवा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर मोठ्या बहिणीला सांगा. मागे तारीख टाका. सहा महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं चित्र शेजारी ठेवलं की किती फरक पडला ते दिसतं.

दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. दुसऱ्या दिवशी पोरं अंगणात आईचं लुगडं पडदा म्हणून बांधून तेच नाटक करतात. करू द्या. त्यात पाठांतर आहे, चारचौघांत बोलण्याची हिंमत आहे, भांडण मिटवणंही आहे. त्यांना सांगा, शेवट तुमच्या मनाचा करा. याच झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

एक सावधगिरीची गोष्ट. गटाला राख्यांची, टोपल्यांची ऑर्डर आली की लेकरांनाही कामाला बसवायचा मोह होतो. शिकायला शेजारी बसवा, एखादी राखी त्याच्या मनाची करू द्या, पण "आज पन्नास झाल्या पाहिजेत" हे लेकराला सांगायचं नाही. ते काम आपलं. आणि पाढे, वाचन सोडून नुसतं चित्रच काढावं असंही कोणी म्हणत नाही.

गट आणि शाळा

इटलीत रेज्जो एमिलिया गावाजवळच्या एका खेड्यात १९४५ साली, महायुद्ध संपलं तेव्हा, पळून गेलेल्या सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे गावकऱ्यांनी विकले आणि त्या पैशात लेकरांसाठी शाळा बांधली. त्यात आया पुढे होत्या. त्या भागातल्या बालवाड्यांत आजही चित्र-मातीकामासाठी वेगळी खोली असते आणि जगभरचे शिक्षक ती पाहायला जातात. आपल्याकडे रणगाडा नाही, पण शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. तुमच्या गावच्या समितीत कोण बायका आहेत ते आधी विचारून घ्या. पुष्कळदा नाव आपलं असतं आणि सहीपुरतंच बोलावणं येतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं. हे कारागीर आणायला शाळेने शहरात जायची गरज नाही, ते आपल्या गटात बसलेले आहेत. येत्या बैठकीत एक ठराव घ्या आणि समितीला अर्ज द्या. अर्जात लिहा: गटातल्या कोणकोण ताया काय शिकवू शकतात (टोपली, ठिपक्यांची रांगोळी, पळसाचा रंग, मातीचे बैल, भिंतीवरचं लिंपण), कोणते दिवस त्या मोकळ्या आहेत, आणि सामान कुठून येईल. रोवणी आणि तेंदूपत्त्याचे दिवस टाळून तारखा द्या. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, एक प्रत समितीच्या अध्यक्षांना, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.