डॉक्टरांच्या जेवणाचे बिल कोण भरते?



परवा वस्तीतल्या एक मावशी बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटे घेऊन घरी आल्या. "सिस्टर, हे जनऔषधीचं आणि हे नव्या डॉक्टरांनी लिहिलेलं. दोन्ही चालू ठेवू का?" मी दोन्ही वाचली. औषध एकच, ताकद एकच. फरक फक्त कंपनीच्या नावात आणि किमतीत. दोन्ही घेतल्या असत्या तर डोस दुप्पट झाला असता.

महागडे नाव चिठ्ठीवर येते कसे? एक वाट मी खाजगी दवाखान्यात नोकरी करताना पाहिली आहे. एमआर निमंत्रण घेऊन यायचे: हॉटेलात 'सीएमई', म्हणजे डॉक्टरांचे शिक्षण शिबिर. अर्धा तास व्याख्यान, मग जेवण. पुढच्या आठवड्यात त्याच कंपनीची गोळी चिठ्ठ्यांवर जास्त दिसायची.

डॉक्टरांनी शिकत राहणे गरजेचेच आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. हा नियम आपल्याच भल्याचा. प्रश्न एवढाच की, या शिक्षणाचा खर्च कोण करतो? कंपनी करत असेल, तर ती तो गोळीच्या किमतीत घालते आणि शेवटी मावशींच्या पदरातून वसूल होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च दाखवून कंपनीला करात सूट घेता येणार नाही, असा तो निकाल होता.

नियम नवे नाहीत. कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना डिसेंबर २००९ पासून मनाई आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कंपनीच्या पैशावरच्या परिषदांना जाण्यासही बंदी घातली, पण तीन आठवड्यांत ते नियम स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी संहिता आणली: परदेशात शिबिर नको, डॉक्टरांचा प्रवास-मुक्काम नको (व्याख्याते सोडून), शिबिरावरचा खर्च कंपनीने जाहीर करावा. त्याच वर्षी ॲबव्ही हेल्थकेअर या कंपनीने ३० डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेल्याचे उघड झाले. खर्च १ कोटी ९१ लाख, म्हणजे डॉक्टरामागे सहा लाखांहून जास्त. डिसेंबरमध्ये सरकारने कंपनीला समज दिली. पण ही संहिता आहे, कायदा नाही. शिवाय तक्रार आधी ऐकते ती कंपन्यांच्याच संघटनेची समिती.

सगळे डॉक्टर असे नाहीत. पुण्याच्या 'साथी' संस्थेचे डॉ. अरुण गद्रे यांनी प्रामाणिक डॉक्टरांना बोलते केले, त्यातून 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' हे पुस्तक झाले. अशा डॉक्टरांच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे. म्हणून मागणी साधी आहे: शिबिरे घाटीसारख्या सरकारी महाविद्यालयांच्या सभागृहात व्हावीत, डॉक्टरांनी स्वतःची फी भरावी, आणि पैसे कोणी दिले हे दाखवल्याशिवाय परिषदेने गुण देऊ नयेत.

तोवर घरात एवढे करा. औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहून द्या, अशी डॉक्टरांना विनंती करा. तसे लिहावे असा नियमच आहे. ते नाव घेऊन जनऔषधी केंद्रात किंमत विचारा. नव्या डॉक्टरांकडे जाताना जुन्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. महाग आहे म्हणून बीपी-शुगरची गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

मावशींनी दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटे डॉक्टरांना दाखवली. डॉक्टर म्हणाले, "जनऔषधीचीच चालू ठेवा." विचारायला फक्त धीर लागला, पैसे लागले नाहीत.