‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे?

पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे शब्द रंगविलेले असतात. ‘करेक्ट’ला ‘इन’ जोडला की ‘इनकरेक्ट’, म्हणजे चुकीचे. त्याच हिशेबाने ‘फ्लेमेबल’ म्हणजे ज्वलनशील आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा समज सहज होतो. तो जिवावर बेतू शकतो, कारण दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे: ज्वलनशील. येथील ‘इन’ नकारार्थी नाही. पेटविणे या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदातून हा शब्द आला. डॉक्टरांच्या तोंडचा ‘इन्फ्लेमेशन’, म्हणजे दाह, हाही त्याच कुळातला.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचीही येथे फसगत होते. म्हणूनच अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा, असा आग्रह धरला. धोक्याच्या पाटीवर तोच योग्य. न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणावे.

‘इन्व्हॅल्युएबल’ची गत निराळी. तेथे ‘इन’ नकारार्थीच आहे. परंतु अर्थ कवडीमोल असा नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे. तेव्हा ‘युअर हेल्प वॉज इन्व्हॅल्युएबल’ असे साहेबाने लिहिल्यास रागावण्याचे कारण नाही. मराठीतील ‘अमूल्य’ची घडण अगदी तशीच आहे.