नाडी कोणी पाहिली?

चित्रपट पाहताना चुका शोधणे हा एक रोग आहे आणि तो मला जडलेला आहे, हे आधीच कबूल करून टाकते. नायकाच्या कपाळावरची पट्टी एका दृश्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे गेली, की शेजारणीला कोपर मारून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारणी या सवयीला कंटाळतात. मला मात्र तिचा थोडासा अभिमानच होता. तो अभिमान यंदा आमच्या चित्रपट मंडळात एका जुन्या फ्रेंच चित्रपटाने बराच उतरवला. त्याची ही हकीगत.

चित्रपटाचे नाव ‘ले दियाबोलिक’. दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो, साल १९५५, आणि कथा घडते एका निवासी शाळेत. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर प्रेक्षकांना एक विनंती येते, की जे पाहिले ते मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका. सत्तर वर्षांनंतर ती विनंती मोडण्यावाचून मला गत्यंतर नाही, कारण शेवट सांगितल्याशिवाय चुकांविषयी बोलताच येत नाही. ज्यांना तो आधी पाहायचा असेल त्यांनी हे पान दुमडून ठेवावे.

कथा अशी. पॅरिसजवळच्या एका कळकट निवासी शाळेचा मुख्याध्यापक मिशेल हा क्रूर आणि कंजूष गृहस्थ आहे. शाळा चालते बायकोच्या, म्हणजे क्रिस्तिनाच्या, पैशावर. तिचे हृदय दुबळे आहे. तरीही जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत हा तिला शिळा मासा गिळायला लावतो. शाळेतलीच एक शिक्षिका, निकोल, ही मिशेलची प्रेयसी; पण तीही त्याच्या हातचा मार खाते. शेवटी या दोघी मिळून त्याचा काटा काढायचे ठरवतात. सुट्टीत त्या निकोलच्या नियोर या गावच्या घरी जातात, क्रिस्तिना घटस्फोटाची धमकी देऊन नवऱ्याला तिथे बोलावून घेते, गुंगीचे औषध घातलेली व्हिस्की त्याला पाजली जाते आणि निकोल त्याला पाण्याने भरलेल्या टबात दाबून धरते. वर एक जड पुतळा ठेवून देते. प्रेत वेताच्या पेटाऱ्यात घालून, छोट्या मोटारीतून पुन्हा शाळेत आणून, रात्री पोहण्याच्या तलावात लोटले जाते. पाणी इतके घाण, की तळ दिसत नाही.

मग वाट पाहणे सुरू होते. प्रेत वर येत नाही. निमित्त काढून तलाव उपसला जातो आणि तो रिकामा निघतो! त्यानंतर मिशेलने मरताना घातलेला सूट धुलाईच्या दुकानातून इस्त्री होऊन परत येतो. मुआने नावाचा एक मुलगा खिडकीची काच फोडतो आणि सांगतो, की मला मुख्याध्यापकांनी पकडले आणि शिक्षा केली. शाळेच्या ग्रुप फोटोत मागच्या खिडकीत एक पुसट चेहरा उमटतो. क्रिस्तिना खचत जाते. फिशे नावाचा एक निवृत्त पोलीस अधिकारी आपण होऊन मागे लागतो. आणि एका रात्री, तिच्याच घरातल्या टबातून मिशेल पांढऱ्या डोळ्यांनी उठून उभा राहतो. क्रिस्तिना भिंतीला टेकून कोसळते. मिशेल शांतपणे डोळ्यांवरची खोटी बुबुळे काढतो. तो मेलाच नव्हता. त्याचा आणि निकोलचा हा बेत होता. दुबळ्या हृदयाची बायको भीतीनेच मरावी आणि तिचा पैसा मिळावा! पण फिशे दारातच उभा असतो.

दिवे लागले तेव्हा माझ्या वहीत अकरा चुका लिहिलेल्या होत्या. चर्चेत मी त्या मोठ्या ऐटीत वाचून दाखवल्या. वाचता वाचताच ध्यानात येऊ लागले, की मी तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीत ओवल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सातत्याची चूक. चित्रपट क्रमाने घेतला जात नाही. दारातून बाहेर जाणारा माणूस एका दिवशी टिपतात आणि त्याच दाराबाहेर पडलेला माणूस तीन आठवड्यांनी. मधल्या काळात सिगारेटची लांबी, घड्याळाचे काटे, केसांचा भांग, ओल्या कपड्यांचा ओलेपणा हे सगळे जसेच्या तसे राहायला हवे. त्याची टिपणे ठेवायला एक स्वतंत्र माणूस नेमलेला असतो, तरी चुका होतातच. सगळ्यांत गाजलेली चूक हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मधली. उपाहारगृहात पिस्तूल झाडले जाते, पण मागच्या टेबलावरचा एक लहान मुलगा बार होण्याच्या आधीच कानांत बोटे घालून बसतो. बिचाऱ्याने आधीच्या तालमीत तो आवाज ऐकला असणार! असल्या चुका शोधण्यात मौज आहे, पण त्यांनी कथेला धक्का लागत नाही. ती चूक पोराची, फार तर संकलकाची. कथेतल्या पात्राची नव्हे. माझ्या अकरांपैकी चार या जातीच्या होत्या आणि त्या मी स्वतःच खोडल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे असंभाव्यता. माणूस पाण्याखाली श्वास रोखून किती वेळ पडून राहील, बायको नेमकी त्याच रात्री घाबरून मरेल कशावरून, असल्या शंका. हे घडणे कठीण आहे, अशक्य नाही. रहस्यपटाच्या तिकिटात एवढी उधारी धरलेलीच असते.

तिसरी गोष्ट खरी: कथानकातले भोक. म्हणजे चित्रपटाने स्वतः जे सांगितले त्याच्याशीच जे विसंगत आहे, किंवा जे सांगितल्याशिवाय पुढचे पाऊल पडूच शकत नाही आणि तरी सांगितलेले नाही. हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये पहिल्या प्रसंगात नायक उंच इमारतीच्या पन्हाळीला लोंबकळताना दिसतो. तो तिथून सुटला कसा, हे चित्रपट कधीच सांगत नाही. योगायोग असा, की ‘व्हर्टिगो’ आणि ‘ले दियाबोलिक’ हे दोन्ही चित्रपट बुआलो आणि नार्सजाक या एकाच लेखकजोडीच्या कादंबऱ्यांवरून घेतलेले आहेत.

तर माझ्या वहीतली भोके. एक: मिशेल व्हिस्की पितो ती फारच सोयीस्करपणे. क्रिस्तिनाचा धीर ऐन वेळी खचतो, ती त्याला अडवायला जाते, व्हिस्की त्याच्या सुटावर सांडते. आता बेत फसणार, असे वाटते. पण हा गृहस्थ तिला मारतो आणि पुन्हा आपणच पेला भरून पितो. मी लिहिले होते, “लेखकाची सोय.” दुसऱ्यांदा पाहताना मला माझीच लाज वाटली. सोय लेखकाची नव्हतीच. ती मिशेलची होती. त्याला पिणे भागच होते. दोन: दाबून धरण्यापासून झाकण्यापर्यंतचे प्रत्येक काम निकोलच पुढे होऊन करते. मी लिहिले होते, “दुसऱ्या बाईला काही कामच दिलेले नाही.” ते काम मुद्दामच दिले नव्हते. तीन: फोटोतला चेहरा. फोटो नेमका केव्हा काढणार हे त्याला कळले कसे? तर शाळाच त्याची! आपल्याकडेसुद्धा ग्रुप फोटोचा दिवस आठवडाभर आधी फळ्यावर लागतो. आणि आतून बातमी द्यायला निकोल होतीच.

मुआनेला पकडण्याच्या प्रसंगावर आमच्यात बराच वाद झाला. लपून बसलेला माणूस एका पोराला शिक्षा करायला बाहेर येईल का? एका मित्राचे म्हणणे, हे उघड भोक आहे. मला आता तसे वाटत नाही. क्रिस्तिनाच्या कानावर भुताची बातमी घालायची तर मुलासारखा निरोप्या नाही. शिवाय काच फुटलेली ऐकून हा मुख्याध्यापक मेल्यावरही गप्प बसणार नाही, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

अशा रीतीने वहीतल्या बहुतेक नोंदी गळाल्या. ज्याला मी भोक म्हणत होते ती दिग्दर्शकाने उघड्यावर ठेवलेली खूण होती. त्याचा हिशेब सरळ असावा. प्रेक्षकाला काहीतरी खटकणार हे त्याला ठाऊक आहे. पण खटकले की प्रेक्षक पात्रांवर संशय घेत नाही, चित्रपटावर घेतो. “हे काही पटत नाही बुवा,” असे म्हणून तो पुढे जातो. माझ्यासारख्या चुका वेचणाऱ्यांना तर फसवणे सर्वांत सोपे, कारण आम्हाला प्रत्येक वेळी दिग्दर्शकापेक्षा शहाणे ठरायचे असते.

पण खरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो विचारला माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने. तिची आई तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे. मी अकरा चुका वाचत असताना ती शेंगा सोलत बसली होती. मध्येच म्हणाली, “अगं, पण त्याची नाडी कोणी पाहिली?”

कोणीच नाही. निकोल सांगते की तो मेला, आणि क्रिस्तिना मानते. तिच्याबरोबर आम्ही सभागृहातले साठ-सत्तर जणही मानतो. सबंध कथा या एका न पाहिलेल्या नाडीवर उभी आहे.

या प्रश्नाने मला मूळ कादंबरीकडे नेले. ती १९५२ सालची. तिच्यात शाळाच नाही. तिथे नवरा फिरता विक्रेता आहे. तो आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोला टबात बुडवतात, मग बायकोचे प्रेत नाहीसे होते, आणि खरा कट बायको व प्रेयसी यांनी नवऱ्याविरुद्ध केलेला असतो. क्लुझोने बायका-पुरुषांची अदलाबदल केली. पण महत्त्वाचे पुढेच आहे: कादंबरीतली प्रेयसी डॉक्टर आहे. डॉक्टरने सांगितले की मेली, म्हणजे मेली. तिथे नाडीचा प्रश्न उद्भवतच नाही. क्लुझोने तिची शिक्षिका केली आणि एक धडधडीत भोक आपल्या हाताने पाडले. शाळा त्याला हवी होती हे दिसतेच. शेकडो डोळ्यांच्या मधोमध एक प्रेत, तलावावर खेळणारी पोरे, आणि घंटा झाली की खुनानंतरही वर्गावर जावेच लागणाऱ्या दोन बाया. फिरत्या विक्रेत्याच्या घरात हे काही मिळाले नसते. त्या शाळेसाठी त्याने डॉक्टरकी सोडली.

मग भोक बुजवले कसे? सिमोन सिन्योरेच्या आवाजाने. निकोलचे काम करणारी ही नटी पहिल्या दृश्यापासून वर्गात हुकूम सोडावा तशी बोलते. तिचे वाक्य उलटून विचारावे असे कोणाला वाटत नाही. क्रिस्तिनाला नाही, आपल्याला तर नाहीच. व्हेरा क्लुझो, म्हणजे दिग्दर्शकाची खरी पत्नी, क्रिस्तिनाचे काम करते. तिच्या चेहऱ्यावर सतत असा भाव असतो, की कोणीतरी सांगावे आणि मी ऐकावे. शिक्षिका सांगते आणि विद्यार्थिनी ऐकते. डॉक्टरच्या अधिकाराऐवजी बाईंचा अधिकार वापरला. आपण सगळे बारा-पंधरा वर्षे वर्गात बसलेलो. नाडी पाहण्याची आठवण होणार कशी?

असो. सगळेच सुटते असे मात्र नाही, आणि इथे मी क्लुझोला सोडणार नाही. नियोरच्या घरात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रेडिओ ऐकत असतात आणि अपरात्री टबाच्या पाण्याचा आवाज येतो म्हणून कुरकुरतात. हसू येते, ताण वाढतो. पण एवढा ठळक साक्षीदार उभा करून पुढे त्याचे चीज केलेले नाही. त्याहून मोठी गोष्ट फिशेची. क्रिस्तिना त्याच्याजवळ सारे कबूल करते. तो त्याच रात्री त्याच इमारतीत असतो. कटवाल्यांना पकडायला तो क्षणभरही चुकत नाही, आणि क्रिस्तिनाला वाचवायला मात्र क्षणभर उशीर होतो. त्याला कट कळला होता, तर दुबळ्या हृदयाच्या बाईला अंधाऱ्या व्हरांड्यातून एकटीला त्या टबापर्यंत का जाऊ दिले? कळला नव्हता, तर तो दारात कसा? याचे उत्तर चित्रपटात मला सापडले नाही. १९९६ साली अमेरिकेत हीच कथा पुन्हा काढली तेव्हा शेवट बदलला. पण तो निराळा चित्रपट झाला, या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मात्र एक शक्यता उरते. दुसऱ्या दिवशी शाळा रिकामी होत असताना मुआने पुन्हा एक काच फोडतो. बेचकी कुठून आणलीस, असे विचारतात. तो सांगतो, की बाईंनी परत दिली. त्या आल्या आहेत, मी त्यांना पाहिले. खोटारडा म्हणून त्याला पुन्हा कोपऱ्यात उभे करतात, आणि चित्रपट संपतो.

मी वहीत अकरावी नोंद केली होती: “भुताटकीचा उगाच शेवट.” मैत्रिणीच्या प्रश्नानंतर ती पुन्हा वाचली. मुआनेला आधीही सर्वांनी खोटारडा ठरवले होते, आणि तेव्हा तो अक्षरशः खरे सांगत होता. आणि क्रिस्तिना? आदल्या दिवसांत तिला तपासायला डॉक्टर येऊन गेलेले आहेत. पण त्या शेवटच्या रात्री, ती कोसळल्यापासून दोघांना अटक होईपर्यंत, पडद्यावर डॉक्टर दिसत नाही. ती मेली असे मानतात ते मिशेल आणि निकोल, आणि त्यांच्याबरोबर आपण. म्हणजे ज्या भोकातून मिशेल निसटला तेच भोक दिग्दर्शकाने शेवटी पुन्हा उघडे ठेवले. क्रिस्तिना आणि फिशे यांचे आधीच काही ठरले असेल, तर फिशेने तिला टबापर्यंत का जाऊ दिले याचेही उत्तर मिळते. तसे ठरले होते असे चित्रपट कुठेच म्हणत नाही. ठरले नव्हते असेही म्हणत नाही.

आमच्या सरांना हा अर्थ मान्य नाही. त्यांच्या मते मी आता उलट्या रोगाने पछाडले आहे आणि प्रत्येक चुकीत शहाणपण शोधू लागले आहे. असेलही. पुढच्या सत्रात चित्रपट पुन्हा दाखवायचे ठरले आहे. मैत्रीण म्हणाली, या वेळी मी शेंगा आणणार नाही, नीट पाहणार.