लंगडणाऱ्या कोंबडीचा पाय उचलून बघा

कोंबडीचे पाय बघायचे तर रात्री बघावेत. दिवसा मागे लागलं की ती अख्खं खळं पालथं घालते आणि सापडली तरी बराच वेळ धापा टाकत राहते. दिवेलागणीनंतर दांडीवर बसलेली कोंबडी पोटाखाली हात घालून उचलली, तर हूं की चूं करत नाही. तिला काखेत धरायचं, पण आवळायचं नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खालीवर हललं तरच तिला श्वास घेता येतो. एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताचा अंगठा नडगीवरून खालून वर फिरवायचा. निरोगी पायाचे खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चपखल बसलेले असतात. अंगठ्याला खरखर लागली, खवल्याची कड वर उचललेली वाटली आणि तिच्याखाली पांढरट भुकटी दिसली, तर पायात किडे शिरले आहेत असं समजावं.

आमचं घर राजापूरच्या बाजूला. चिऱ्याचं घर, मागे परसात पोफळी आणि त्याच्या कडेला खुराडा. सासूबाई कोंबड्या पाळायच्या, आता मी पाळते. बहुतेक गावरान, दोन-तीन कडकनाथ. अंडी घरात खातो, उरली तर शेजारी देतो. अंडी द्यायची थांबलेली कोंबडीही आमच्याकडे राहते. मुलांनी तिला नाव ठेवलेलं असतं, तिला तिच्या हक्काचे दाणे मिळतात. अशा वयस्क कोंबड्यांनाच हा पायाचा आजार जास्त होतो.

हा किडा खरजेच्या किड्याचा नातलग आहे. शास्त्रीय नाव निमिडोकॉप्टिस म्युटन्स. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आकार गोल, पाय आखूड. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, दिसतं ते त्याने केलेलं नुकसान. तो खवल्याखाली बोगदे करतो, तिथलीच कातडी खातो आणि सगळा जन्म कोंबडीच्या पायावरच काढतो. त्याची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्लं तिथेच पुढचे बोगदे करतात. मेलेली कातडी, पाझरणारं पाणी आणि किड्यांची घाण साचून खवल्याखाली पापुद्रे तयार होतात आणि खवला वर उचलला जातो. पाय जाडजूड, ओबडधोबड दिसायला लागतो. हे सगळं इतकं सावकाश होतं की रोज समोर वावरणाऱ्या कोंबडीतला बदल आपल्या ध्यानात येत नाही. कोंबडी म्हातारी झाली, आता पाय असेच होणार, असं म्हणून माणसं सोडून देतात. तसंच सोडलं तर बोटांचे सांधे आखडतात, कोंबडी लंगडते आणि शेवटी एखादं बोट गळूनही पडतं.

काजळी ही आमची कडकनाथ. कडकनाथच्या काळ्या नडगीवर ही पांढरी भुकटी चटकन उठून दिसते, पिवळ्या पायाच्या गावरान कोंबडीवर ती लपते. काजळीच्या डाव्या पायाच्या मागच्या बोटापाशी खडूचं बोट पुसावं तेवढाच पट्टा होता. उपचार तेव्हाच सुरू केला.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. टोपात कोमट पाणी घ्यायचं, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा फेस करायचा आणि कोंबडीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पाचेक मिनिटं बुडवून धरायचे. बहुतेक कोंबड्यांना ते कोमट पाणी आवडतं, काजळी तर डोळे मिटून घेते. पापुद्रे मऊ झाले की जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने वरून खाली घासायचं. जे आपसूक सुटेल तेवढंच काढायचं. उचललेला खवला नखाने उपटण्याचा मोह होतो, तो आवरायचा. त्याच्याखालची कातडी जिवंत असते, रक्त येतं आणि त्या जखमेतून दुसरेच जंतू आत शिरतात. पाय फडक्याने टिपून कोरडे करायचे आणि मग खोबरेल, करंजेल किंवा व्हॅसलिन खवल्यांच्या फटींत बोटाने चोळून भरायचं. तेल आत शिरलं की किड्याची हवा कोंडते. गंधकाचं मलम मिळालं तर तेही चांगलं. तेल मांडीच्या पिसांना लागू द्यायचं नाही, तेलकट पिसांत ऊब टिकत नाही.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा, असं निदान महिनाभर तरी करावं लागतं. किड्याची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते, म्हणून चार दिवस तेल लावून थांबण्याला अर्थ नाही. पाय लगेच गुळगुळीत होत नाही म्हणून पुष्कळजण कंटाळतात. एकदा उचललेला खवला पुन्हा खाली बसत नसतो. तो झडून त्याच्या जागी नवा येतो आणि त्याला कित्येक महिने लागतात. किडे मेले की नाही हे जुन्या खवल्यांवरून ठरवू नका. नव्या जागी भुकटी दिसते का, ते बघा.

आमच्याकडे जुनी माणसं रॉकेल लावायला सांगतात. कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून देतं. किडे त्याने मरत असतीलही, पण कातडी भाजते, आणि चोचीने पाय साफ करताना ते कोंबडीच्या पोटात जातं. म्हशीच्या गोचिडांवरचं औषध पाण्यात कालवून कोंबडीवर ओतणं तर त्याहून वाईट. आजार फार पसरला असेल तर जनावरांचे डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात आणि ते लागूही पडतं. मात्र मात्रा त्यांनीच ठरवायची, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांना विचारून घ्यायचं. शेळीला आणलेली बाटली घरात आहे म्हणून अंदाजाने थेंब पाजू नका. राखेत लोळण्यानेही हे किडे जात नाहीत. राखमातीत लोळल्याने पिसांतल्या उवा कमी होतात, पण खवल्याखाली राख पोचत नाही.

एका कोंबडीचा पाय बिघडला तर उपचार सगळ्यांवर करायचा. किडा एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो तो रात्री एकाच दांडीवर खेटून बसल्यामुळे. त्यामुळे दांडी काढून गरम पाण्याने घासायची, उन्हात टाकायची, खुराड्याच्या भिंतींना चुना लावायचा. कोकणातल्या पावसात हे जमत नाही, म्हणून मिरगाच्या आधीच उरकून घ्यावं. खुडूक कोंबडीच्या बाबतीत मात्र सांभाळा. तिच्या पायाचं तेल अंड्यांना लागलं तर कवचाची छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू गुदमरतं. शक्य तर तिचे पाय अंड्यांवर बसवण्याआधीच बरे करून घ्यायचे. पायात किडे असलेली कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसली आणि मग पिल्लांना पोटाखाली घेऊ लागली, तर पिल्लांनाही तिच्याकडूनच लागण होते.

आता लंगडण्याबद्दल. प्रत्येक लंगडी कोंबडी किड्यांनी लंगडत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. आमच्या ठिपकीने एक पाय वर धरायला सुरुवात केली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, ‘वहिनी, गटारी जवळ आलीय, कापून मोकळ्या व्हा.’ ठिपकीच्या नडग्या स्वच्छ होत्या. पाय उलटा करून तळवा पाहिला तर मधोमध काळी, कडक खपली होती आणि भोवती गरम सूज. आमच्याकडचा गडगा चिऱ्याचा आहे. चिऱ्याच्या खरबरीत कडेवरून रोज उडी मारली की तळव्याला बारीक जखम होते आणि स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरतात. काटा रुतल्यानेही हेच होतं. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. त्याचा घट्ट पिवळट गोळा होतो, त्यामुळे दाबून तो बाहेर येत नाही, उलट आत सरकतो. सुरुवातीलाच सापडलं तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकून, पोव्हिडोन आयोडीन लावून, पट्टी बांधून आणि कोरड्या पेंढ्यावर ठेवून काम भागतं. आत गाठ झाली असेल तर ती डॉक्टरांनीच कापून काढायची. ठिपकीची काढावी लागली. असल्या जखमेला हात लावताना हातमोजे घाला, हे जंतू माणसाच्या जखमेतही वाढतात.

बोटांच्या बेचक्यातही नजर टाका. विंचरून टाकलेले लांब केस, सुतळीचा धागा, नायलॉनचा दोरा बोटाभोवती गुंडाळला जातो आणि चालता चालता आवळत जातो. सुजेत तो रुतून दिसेनासा होतो. बारीक कात्रीने कापला की बोट वाचतं.

पायात, तळव्यात, बोटांत काहीच सापडलं नाही तर दुखणं आत आहे. दोन ते पाच महिन्यांची तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडली असेल, तर तो बहुधा मॅरेक रोग असतो. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मॅरेक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. तो विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. लस पिल्लू एक दिवसाचं असताना हॅचरीत देतात, म्हणून खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती मिळालेली नसते. लहान पिल्लाची बोटं आत मुडपली असतील तर ‘ब २’ जीवनसत्त्व कमी पडत असेल आणि वेळीच दिलं तर पिल्लू सावरतं. मान पिरगळते, हिरवट पातळ हगवण लागते आणि एकामागून एक कोंबड्या लुळ्या पडतात, तेव्हा मानमोडीची, म्हणजे राणीखेतची शंका घ्यायची. आजारी कोंबड्या वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचं.

कोंबडीला कोण डॉक्टरकडे नेतं, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींसारख्या कोंबड्याही तपासतात. जाणं जमत नसेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. लंगडणाऱ्या कोंबडीवर सुरी चालवण्याआधी तिचा पाय उलटा करून बघा, आणि काही कळलं नाही तर तिला डालग्यात घालून दवाखान्यात न्या.