शेपटीचा अर्थ : झाग्रोस पर्वतातील सर्पनिरीक्षण

पश्चिम इराणातील झाग्रोस पर्वताच्या पायथ्याचा प्रदेश रुक्ष व खडकाळ आहे. जिप्समच्या टेकड्यांत कपारी विपुल, झाडोरा विरळ. घोणस आणि फुरसे ज्या कुळात मोडतात त्याच कुळातील एक विषारी सर्प येथे राहतो. त्याचा वर्ण आणि खवल्यांचा खरखरीतपणा भोवतालच्या दगडाशी इतका मिळता आहे की, दृष्टीसमोर असूनही तो सहसा ओळखू येत नाही.

१९६८ साली एका अमेरिकन मोहिमेने मिळवलेला याचा नमुना शिकागोच्या फील्ड संग्रहालयात जमा झाला. शेपटीच्या टोकास फुगीर गाठ होती व तिच्याभोवती लांबट खवले लोंबत होते. हे अर्बुद असावे, जन्मजात व्यंग असावे, की एखादा परजीवी चिकटला असावा, असे तर्क झाले. एकच नमुना हाती असता याहून अधिक काही म्हणणे शक्यही नव्हते. पोथीतील विचित्र पाठ हा लेखनिकाचा प्रमाद की मूळ रूप, याचा निर्णय दुसरी पोथी सापडेपर्यंत लांबतो, तशातलाच हा प्रकार. २००३ मध्ये दुसरा सर्प मिळाला आणि त्याचेही शेपूट तसेच निघाले. २००६ मध्ये बोस्तानची, अँडरसन, कामी व पापेनफस यांनी ही स्वतंत्र जाती ठरवून तिला 'सूडोसेरास्टिस यूरॅरॅक्नॉइडिस' हे नाव दिले. ग्रीक 'ऊरा' म्हणजे शेपूट, 'अराख्ने' म्हणजे कोळी. 'कोळ्यासारखे शेपूट असलेला' असा त्याचा अर्थ.

परंतु कोळ्यासारखे, ते कोणाच्या दृष्टीने? नाव देणाऱ्यांना भासलेले साम्य हे त्या अवयवाचे कार्य नव्हे. पक्ष्यांना भुलवण्यासाठी हे शेपूट असावे हे अनुमान जमेस धरले, तरी त्याची खरी कसोटी पक्ष्याच्या वर्तनातच होती. याकरिता सर्प त्याच्या कपारीतच पाहणे प्राप्त होते. तेही दुरून व दीर्घकाळ, कारण माणूस जवळ असता पक्षी तेथे उतरणार नाही.

फातिनिया व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रनिरीक्षणांत हे वर्तन तपशिलाने आले आहे. सर्प खडकावर निश्चल पडून राहतो. हालते ते केवळ शेपूट. त्या हालचालीत लोंबते खवले कोळ्याच्या पायांसारखे भासतात. कीटकभक्षी पक्षी त्यावर चोच मारावयास येतो आणि क्षणार्धात सर्पाच्या जबड्यात सापडतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. त्याच परिसरात कायम राहणारे पक्षी या आमिषास सहसा फसत नाहीत. बळी पडतात ते मुख्यतः स्थलांतर करीत तेथून जाणारे. स्थानिक पक्षी अनुभवाने शहाणे होत असावेत, असे यावरून अनुमान निघते. म्हणजे खूण तीच, परंतु एका पक्ष्यास ती भक्ष्य सुचवते आणि दुसऱ्यास धोका. संग्रहालयातील बाटलीत ठेवलेल्या शेपटीवरून हा भेद कधीच कळला नसता.