बॅगेवरची चिठ्ठी

राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला, साखरतर... आमच्या रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत आखाती देशांत कोणीच नाही असे घर विरळाच. घरातला माणूस दुबईला किंवा कुवेतला निघाला की शेजारपाजारची पार्सले येऊ लागतात. कोणाच्या मुलासाठी सुका जवळा, कोणाच्या जावयासाठी आंबापोळी, तर कोणाची औषधे. नाही म्हणणे आम्हाला जमत नाही. मग रात्रभर प्रवास करून मुंबईच्या विमानतळावर पोहोचलेला तो बिचारा वजन जास्त भरले म्हणून काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसतो. मागे रांग खोळंबते, वाद होतात, आणि स्वतःच्या मुलांसाठी घेतलेला खाऊच बाहेर काढावा लागतो.

बॅग तोलून झाली की तिच्या मुठीला पट्टी लावतात आणि तिचा छोटा तुकडा आपल्या हाती देतात. या चिठ्ठीवर आपले नाव असते. तिचा अर्थ दुहेरी आहे. आत जे असेल त्याची जबाबदारी आपली, आणि बॅग सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची.

पहिली बाजू किती गंभीर आहे पाहा. २०१९ साली मुंबईचे एक तरुण मुस्लिम दांपत्य दोहाला गेले. नात्यातल्याच बाईने दिलेले पाकीट त्यांच्या सामानात होते. त्यात चार किलोहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची मुलगी तुरुंगातच जन्मली. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मायदेशी तपास झाला, खटला पुन्हा उभा राहिला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये त्यांची सुटका झाली.

साध्या वस्तूही अडचणीत आणतात. आपल्या वाटपातली खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांत गणली जाते. मसाल्यात ती असेल तर तो मसाला घरीच ठेवावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना भारतात मार्च २०२२ पासून चेक-इन बॅगेत मनाई आहे, कारण तेलकट खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत ठेवावी. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. जेद्दाहहून परतताना दोरीने बांधलेली बोचकी स्वीकारत नाहीत, हे उमऱ्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता दुसरी बाजू, जी आपल्यापैकी अनेकांना माहीतच नसते. बॅग पट्ट्यावर आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारताने तो २००९ मध्ये स्वीकारला. बॅग फुटली वा सामान खराब झाले, तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. उशिरा मिळाली, तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांतही आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. भरपाईला कमाल मर्यादा आहे, आणि नुकसानही दाखवावे लागते. म्हणून ती चिठ्ठी, बोर्डिंग पास आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बॅग बंद करण्यापूर्वी आतल्या सामानाचा फोटोही काढून ठेवावा. दागिने, रोकड आणि कागदपत्रे मात्र नेहमी स्वतःजवळ.

राहिला प्रश्न शेजारच्या पार्सलाचा. ते अमानत आहे, पण बंद पाकीट ही अमानत नव्हे. देणाऱ्यासमोर उघडा, पाहा, आणि आपल्या हाताने भरा. खाला रागावतील, चाची म्हणतील, "आमच्यावर भरवसा नाही का?" तेव्हा नम्रपणे सांगा, "भरवसा आहे, पण बॅगेवर नाव माझे आहे." आणि देणाऱ्यांनीही पाकीट उघडेच आणून द्यावे, म्हणजे निघणाऱ्याला हे विचारावे लागणार नाही.