म्हाद्यावरचा तवंग

साताऱ्या-सांगलीकडे भाजी नसेल त्या दिवशी म्हाद्या होतो. भाजलेल्या दाण्यांचं कूट, लसूण, तिखट, पाणी, सोबत भाकरी. थाई शेंगदाणा सॉसमध्ये पाण्याच्या जागी नारळाचं दूध येतं, विज्ञान मात्र तेच. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. पाट्यावर रगडताना पेशी फुटून ते सुटतं. या लगद्यात चमचाभर पाणी घाला, तो सैल व्हायच्या ऐवजी घट्ट होतो. दाण्याचे कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. घाबरू नका, आणखी पाणी ओता. तेलाचे थेंब पाण्यात विखुरतात, रंग फिकट दुधी होतो. मला सर्वांत आवडतो तो पुढचा क्षण. उकळी फुटते, तेल सुटून वर येतं, तेही लालभडक, कारण मिरचीचा रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो.